गोंगाट कशाला म्हणायचं?

मंडळी, मागच्या महिन्यात वन्संच्या आवाजातली सहा पदं तुम्हां सगळ्यांना पाठवली, तेव्हापासून घरचा फोन शांत नाही. निम्मे फोन वन्संना, निम्मे मला. वन्संना येतात ते कौतुकाचे. मला येतात ते चौकशीचे. "स्टुडिओत गेला होतात का?" "माइक कुठला घेतलात?" "आमच्या आईचं असं करता येईल का हो?" नाशिकच्या भाचीने तर हुकूमच सोडला, "मामी, कुठली वायर कुठे लावायची ते एकदा नीट लिहूनच काढा." चौतीस वर्षं मुलांना मराठी शिकवण्यात गेली. लिहून काढा म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. म्हणून हा लेख.

नवीन वाचकांसाठी थोडं आधीचं. माझे सासरे कीर्तनकार होते. वाई-भुईंज भागात त्यांची नारदीय कीर्तनं होत. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानाला लागणारी पदं ते स्वतः रचत आणि चालीही स्वतःच बांधत. त्यांची वही आमच्याकडे आहे. त्यात एक्केचाळीस पदं आहेत, अक्षर मोत्यासारखं. पण वहीत फक्त शब्द आहेत. चाल कागदावर नाही. काही पदांवर रागाचं नाव आहे, तेवढंच. चाल राहिली ती वन्संच्या गळ्यात, कारण आठव्या वर्षापासून त्या अण्णांच्या मागे उभ्या राहून टाळ धरायच्या आणि ध्रुपद उचलायच्या. वन्सं आता त्र्याऐंशीच्या आहेत. एक्केचाळिसांपैकी चौदा पदांच्या चाली त्यांना पुऱ्या आठवतात. पूर्वी त्यांची पट्टी काळी तीन होती, आता पांढरी दोनमध्ये गातात. एका दमात पूर्वी अख्खं कडवं व्हायचं, आता एक ओळ होते. घाई का केली, ते एवढ्यावरून कळावं.

"मग फोनवर का नाही केलंत रेकॉर्ड?" हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. फोन वाईट नाही. पण बऱ्याच फोनना बोलणं ऐकायची सवय लावलेली असते. बोलणारा माणूस हळू बोलला की फोन आपण होऊन आवाज वाढवतो, जोरात बोलला की कमी करतो. वन्सं श्वास घ्यायला थांबल्या की तेवढ्यात पंख्याची घरघर वर येते, आणि त्यांनी तान उचलली की फोन तिला दाबतो. व्हिडिओ कॉलवर तर याहून मौज. २०२०च्या टाळेबंदीत गाण्याचे क्लास ऑनलाइन झाले तेव्हा अनेक घरांत हाच अनुभव आला. शिष्य तानपुरा लावून बसलाय आणि गुरुजींना पलीकडे तानपुरा ऐकूच येत नाहीये! कारण त्या कॉलमध्ये गोंगाट काढून टाकणारी एक युक्ती असते. जो आवाज एकसारखा, न थांबता चालू राहतो तो पंख्याचा किंवा एसीचा असणार, असं ती धरून चालते. तानपुरा तर एकसारखाच चालू राहतो. तोच त्याचा धर्म. झालं, यंत्राने तानपुऱ्याला पंखा समजून पुसून टाकलं. पुढे लोकांना ती सोय बंद करण्याचं बटण सापडलं म्हणा, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट राहून गेली. सूर कुठला आणि गोंगाट कुठला, हे कुणीतरी ठरवत असतं. आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणी ठरवतं.

हे काही आजचं नाही. आमच्याकडची पेटी, म्हणजे हार्मोनियम, आकाशवाणीने १९४०मध्ये बंद केली होती. तिचे सूर ठोकळ्यासारखे बसवलेले, तिला मींड काढता येत नाही, ती आपली नव्हे, अशी कारणं होती. १९७१पर्यंत ही बंदी टिकली. तीस वर्षं! त्याच काळात खेडोपाडी कीर्तनात, भजनात, नाटकात पेटी बिनघोर वाजत होती. अण्णांना कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी टाळ वाजवून हसून घेतलं असतं.

असो. आता वायरी.

माझ्या नातवाने दिवाळीत एक डबी आणून दिली. जेवणाच्या डब्याएवढी, पुढे दोन भोकं, चार-पाच बटणं. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकमधून येणारी विजेची लहर ती आकड्यांत बदलते आणि यूएसबीच्या वायरने कॉम्प्युटरला देते. सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप घेते म्हणे. शिवाय तो आवाज आपल्याला कानात ऐकवते. म्हणजे दुभाष्या. इकडे गवई, तिकडे कॉम्प्युटर, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मध्ये ही डबी. पण चांगला दुभाष्या कसा असतो? तो आपल्या पदरचं घालत नाही आणि समोरच्याचं गाळत नाही. फोन आणि डबी यांत हाच फरक आहे. काय गाळायचं हे ही डबी ठरवत नाही, ते आपल्यावर सोडते. म्हणून कोणाला कुठे बसवायचं हे आपल्याला कळावं लागतं.

वर्गात जशी तीन तऱ्हेची मुलं असतात तसे आवाज तीन तऱ्हेचे येतात. पहिला माइकचा. हा फार अशक्त, व्होल्टचा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास. दुसरा लाइनचा. तानपुऱ्याचं यंत्र, कीबोर्ड, फोन यांच्यातून निघतो तो. हा चांगला धडधाकट, व्होल्टाच्या घरात. म्हणजे पहिल्याच्या शेकडो पट. तिसरा गिटारसारख्या वाद्याच्या पिकअपचा. हा ताकदीने मधला, पण नाजूक. त्याला लाइनच्या भोकात घातलं तर ते भोक त्याच्याकडून फार वीज ओढू बघतं आणि वरचे सूर बोथट होतात. म्हणून त्याच्यासाठी इन्स्ट्रुमेंट असं लिहिलेलं किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलं की भोक कमी ओढतं आणि गिटार मोकळी बोलते. न्यू जर्सीच्या आमच्या नातीने विचारलं होतं, तिच्यासाठी हे उत्तर. व्हायोलिनला किंवा सतारीला चिकटवायचा पिकअप असेल तरी हेच.

डबीच्या पुढच्या भोकात दोन तऱ्हेच्या पिना बसतात. तीन काड्यांची गोल पिन असते तिला एक्सएलआर म्हणतात, ती माइकची. मधल्या मोठ्या भोकात पाव इंची जाड पिन जाते, ती लाइनची किंवा वाद्याची. त्यामुळे चुकीची पिन चुकीच्या भोकात जातच नाही. शाळेच्या युनिफॉर्मसारखं आहे, वर्ग लांबून ओळखू येतो.

माइकच्या त्या तीन काड्यांचं गणित मात्र सांगण्यासारखं आहे, आणि ते मला समजावलं आमच्या ह्यांनी. हे गणिताचे मास्तर. एक काडी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. उरलेल्या दोन तारांतून एकच आवाज जातो, पण एकीतून सुलट आणि दुसरीतून उलट. वाटेत ट्यूबलाइटची, वायरिंगची घूंघूं शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. डबी शेवटी पहिल्यातून दुसरं वजा करते. ह्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं: आवाज अ, गोंगाट ग. (अ + ग) − (−अ + ग) = २अ. ग गेला, अ दुप्पट झाला. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या बीजगणिताचा घरात झालेला हा पहिला उपयोग, असं वन्सं म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही.

पण हेच गणित उलटंही फिरतं, आणि ते आमच्याकडे फिरलं. तानपुऱ्यासाठी आम्ही नातवाचा जुना फोन वापरतो. त्यात तानपुऱ्याचं अॅप आहे. फोनच्या कानाच्या भोकातून डबीच्या मागच्या लाइनच्या भोकात जायला एक वायर हवी होती. दुकानदाराने एक दिली, एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला जाड. लावली. फोनवर तानपुरा चालू, डबीत मात्र नुसती खरखर. वायर तुटकी असेल म्हणून बदलून आणली, तरी तेच. मग हे चष्मा पुसत म्हणाले, "अगं, हे स्टीरिओ आहे. डाव्या कानाला तानपुरा, उजव्या कानालाही तोच तानपुरा. डबीला वाटतं दोन्ही तारांत सारखंच आहे म्हणजे ते बाहेरून शिरलेलं. तिने वजा केलं." अ − अ = ०. पुन्हा एकदा तानपुऱ्याला गोंगाट ठरवलं होतं! उपाय सोपा आहे. एका टोकाला बारीक स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या जाड पिना अशी वायर मिळते. त्या जाड पिनेवर काळी रेघ एकच हवी. दोन रेघा असतील तर ती पिन आपल्याला नको. दोन पिनांपैकी एक लावली तरी पुरते. आणि फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर अण्णांच्या पदात बँकेचा मेसेज यायचा.

माइकही दोन जातीचे. एकात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. आपल्या जुन्या सायकलचा डायनामो आठवा, चाक फिरलं की दिवा लागायचा. इथे चाकाऐवजी आवाजाने पडदा हलतो आणि वीज तयार होते. याला बाहेरून वीज लागत नाही. दुसऱ्या जातीला कंडेन्सर म्हणतात. त्याचा पडदा फार पातळ, बारीकसारीक सगळं टिपतो, पण त्याला चालायला ४८ व्होल्ट लागतात. ते डबीच देते, माइकच्या त्याच वायरीतून उलटे. वेगळी वायर दिसत नाही म्हणून त्याला फँटम पॉवर म्हणतात. फँटम म्हणजे भूत हे ऐकल्यावर वन्संनी माइककडे जरा संशयाने पाहिलं. "म्हणजे यात आधीच कुणी बसलंय का?" असं विचारून त्यांनी पदर सावरला. साध्या चुंबकाच्या माइकला या विजेने धोका नसतो. जुन्या रिबनच्या माइकला मात्र असू शकतो. माइक लावायचा मग ४८चं बटण दाबायचं, आणि काढताना आधी बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, मग वायर ओढायची, हा क्रम पाळा म्हणजे झालं.

आम्ही वन्संना चुंबकाचा माइक दिला आणि पेटीला कंडेन्सर. लोक म्हणतील उलट हवं, गायकाला चांगला माइक. पण आमच्या खोलीत पुस्तकं कमी आणि फरशी जास्त. कंडेन्सरने वन्संच्या आवाजाबरोबर खोलीचा घुमारा, खालच्या पार्किंगमधली स्कूटर आणि समोरच्या पिंपळावरचा कोकीळ एवढं सगळं उचललं असतं. चुंबकाचा माइक जवळचं ऐकतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. शिवाय त्याची पाठ बहिरी असते. म्हणून त्याची पाठ पेटीकडे केली. जमिनीवर सतरंजी, भिंतीला दोन गोधड्या, आणि माझं साड्यांचं कपाट दारं उघडून मागे. साड्या आवाज छान पितात. इतक्या साड्या कशाला असं म्हणणाऱ्यांना आता उत्तर आहे.

दोन माइक असले की त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. एकाचा आवाज दुसऱ्यात किंचित उशिरा शिरला की दोन्ही मिसळताना आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. सोपा हिशोब असा, की तोंडापासून माइक एक वीत लांब असेल तर दुसरा माइक पहिल्यापासून निदान तीन विती लांब हवा. पेटीचा माइक भात्याकडे नाही, समोरून थोडा वर, दीडेक फुटावर. भात्याजवळ नेला तर सुरापेक्षा हवाच जास्त येते.

आणि आता सगळ्यांत मोलाची गोष्ट, ते गोल बटण, गेन. हे आवाज मोठा करायचं बटण नाही. येणाऱ्याला किती जागा द्यायची याचं बटण आहे. डबीत शून्य ही छताची रेघ असते. आवाज त्याच्या वर गेला की वरचा भाग कापला जातो. जो कापला गेला तो परत येत नाही. सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने काहीतरी भरतं, पण तो अंदाजच. उलट हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, चोवीस बिटांमध्ये त्याला पुष्कळ जागा असते. म्हणून सगळ्यात मोठा आवाज येईल तेव्हा काटा उणे बाराच्या आसपास राहील एवढंच बटण फिरवायचं. आणि सगळ्यात मोठा आवाज कुठला, हे त्या गाण्याची माहिती असल्याशिवाय कळत नाही. वन्संनी "हं, घे" म्हणून हळूच दोन ओळी म्हटल्या तेव्हा काटा निम्म्यातही गेला नाही. पण मला ठाऊक होतं की तिसऱ्या कडव्याला त्या टाळ उचलतात. म्हणून म्हटलं, "वन्सं, देव प्रकट होतो ते कडवं म्हणा, टाळासकट." काटा तांबड्यात गेला. टाळाचा पहिला ठोका फार धारदार असतो, कानाला वाटतो त्याहून कितीतरी मोठा. मग बटण मागे घेतलं, टाळ गुडघ्यापाशी धरायला लावले, आणि काम झालं.

दर मिनिटाला एका ट्रॅकची साडेआठ-नऊ एमबीची फाइल होते. आमचे तीन ट्रॅक, म्हणजे मिनिटाला पंचवीस-सव्वीस. जागा आहे तोवर मूळ फाइल ठेवायची, दोन ठिकाणी ठेवायची. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायची.

कॉम्प्युटरमधून फिरून कानात परत येणारा आवाज किंचित उशिरा येतो. विहिरीत हाक मारल्यासारखं होतं आणि गाणारा अडखळतो. त्यासाठी डबीवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण आहे. ते लावलं की आवाज कॉम्प्युटरची वाट न बघता तिथल्या तिथे कानात येतो. वन्संना दोन्ही कान झाकलेले चालेनात. मग हेडफोनचा एक कान लावला, एक मोकळा ठेवला. जुने गवई एका कानावर हात ठेवून गायचे, तसंच जवळजवळ. तानपुरा मात्र पेटीच्या सुराला मिळवून घ्या, पेटीला तानपुऱ्याच्या सुराला मिळवता येत नाही. अण्णांची पेटी जुनी आहे, आजच्या ठरलेल्या सुरापासून थोडी सरकलेली. अॅपमध्ये सूर बारीक वरखाली करायची सोय असते ती त्यासाठीच.

एवढं सगळं केलं तरी मागे एक बारीक घूंऽऽ राहायचीच. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, ती घूं त्या पन्नासाची. लॅपटॉपचा चार्जर काढला की कमी व्हायची. वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून दाखवलं. वरचं भोक नुसतं भोक होतं, मागे अर्थिंगची तारच नव्हती! इमारत बांधणाऱ्याने भोकं तीन दिली आणि तारा दोन. इतकी वर्षं आम्ही त्याच सॉकेटवर इस्त्री करत होतो. रेकॉर्डिंगच्या नादाने घरातला एक धोका कळला, हा वरचा नफा. आता तार ओढून घेतली आहे. तुम्हीही तुमची तपासून घ्या, गाणं असो वा नसो.

पण खरा शांतपणा मिळाला तो गुरुवारी. पुणेकरांना सांगायला नको, दुरुस्तीची कामं काढून वीज घालवायची तर गुरुवार. आधी मेसेज येतो आणि सगळे हळहळतात. धायरीत एरवी सकाळी टँकरचा पंप, मग पाण्याची मोटर, लिफ्ट, मिक्सर, वरच्या मजल्यावर ड्रिल. त्या गुरुवारी दहा वाजता वीज गेली आणि एकदम सगळं थांबलं. लॅपटॉप बॅटरीवर, डबी लॅपटॉपच्या विजेवर, तानपुरा फोनवर. पंखा बंद, पण डिसेंबर होता. त्या चार तासांत चार पदं झाली. दुसऱ्या गुरुवारी दोन.

हे करताना मला १९०२ साल आठवत होतं. त्या वर्षी गैसबर्ग नावाचे ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आले आणि गौहर जान यांचं गाणं त्यांनी तबकडीवर घेतलं. तेव्हा माइक नव्हता, मोठा कर्णा होता. विजेचा माइक ध्वनिमुद्रणात आला १९२५मध्ये. कर्ण्याला गेनचं बटण कुठलं? मोठा आवाज असलेल्याला मागे बसवायचं, बारीक आवाजाच्याला पुढे. अंतर हाच गेन. गाणं संपलं की गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत, कारण तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या माणसाला लेबल लावायला कळलं पाहिजे. ही युक्ती आम्ही उचलली. प्रत्येक पदाच्या आधी वन्संनी स्वतःचं नाव, अण्णांचं नाव, वार, तारीख आणि "मुक्काम धायरी" सांगितलं आहे. उद्या फाइलचं नाव बदललं तरी ते आतून जाणार नाही.

आणि दुसरी बाजूही आठवत होती. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले. बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू, आपल्या पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे. कर्णा आणि तबकडी त्यांच्या हयातीत होती. तरी त्यांचं गाणं आज ऐकायला मिळत नाही. शिष्य सांगतात, पुस्तकं सांगतात, गाणं सांगत नाही. एवढ्या मोठ्या गवयाची ही गत, तिथे भुईंजच्या कीर्तनकाराच्या चालींची काय कथा? मोठ्यांचंच जपतात असंही नाही म्हणा. आपल्या पुण्यातूनच गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७पासून पारीच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. कुणाला वाटलं असतं की पहाटेच्या जात्याची घरघर जपून ठेवण्यासारखी असते? पण ती घरघर काढली तर ओवी अर्धी होते.

आता वादाचा मुद्दा. चौथ्या पदात वन्सं एका ओळीला थांबल्या. शब्द विसरल्या. चार-पाच सेकंद नुसता तानपुरा. मग ह्यांनी पेटीवर हळूच त्या ओळीची चाल वाजवली आणि वन्संनी ती पुढून उचलली. पदं ऐकून पुतण्याने सुचवलं, "काकू, तेवढं कापून टाक. दोन मिनिटांचं काम आहे, कळणारही नाही. आणि ते श्वासाचे आवाज, पेटीच्या पट्ट्यांची टकटक, तेही साफ करून देतो." त्याचा हेतू चांगला आहे आणि त्याला ते येतंही. मी नको म्हटलं. तो नाराज झाला. काल वन्संचाही फोनवर त्याला पाठिंबा, "काप बाई ते, लोक काय म्हणतील." त्यामुळे घरात मी एकटी पडले आहे.

तरी मी ते ठेवणार. पंखा मी बंद केला, टँकर टाळला, घूं घालवली, कारण ते पदाचं नव्हतं. पण श्वास पदाचा आहे. अण्णांनी चाल बांधली ती कुठल्या शब्दावर दम घ्यायचा हे धरूनच. श्वास पुसला तर पुढे शिकणाऱ्याला कळणार नाही की तो कुठे घ्यायचा. आणि त्या पाच सेकंदांत बहीण विसरली आणि भावाने बोटांनी आठवण करून दिली. अण्णांची चाल वन्संच्या एकटीच्या गळ्यात उरली आहे असं आम्ही सगळे समजत होतो. ती थोडी ह्यांच्या बोटांतही आहे, हे त्या पाच सेकंदांनी दाखवलं. हे स्वतःलाही माहीत नसलेलं. आता जी पदं वन्संना अर्धवट आठवतात त्यांसाठी आम्ही ह्यांना पेटीवर नुसतं बसवतो, शब्द न सांगता. दोन चाली अशा मिळाल्या. चौदाच्या सोळा झाल्या. वन्संना मी हे सांगितलं आहे. त्या "बघू" म्हणाल्या. बघू म्हणजे नाही, हे नणंद-भावजयींच्या भाषेत मला कळतं, पण फाइल माझ्याकडे आहे.

बाकीच्या पंचवीस पदांसाठी तुम्हां नातेवाइकांना विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या आईने, आत्याने, काकाने अण्णांची कीर्तनं ऐकली असतील. एखादी ओळ, अर्धी चाल, नुसतं गुणगुणणंही चालेल. डबी नसली तर फोनवर करा, फक्त पंखा बंद ठेवा आणि गोंगाट काढायची सोय बंद करा. आधी नाव आणि तारीख सांगायला लावा. मध्ये विसरले, हसले, खोकले, कुणी "अगं तसं नाही, असं आहे" म्हणून भांडलं, तर थांबवू नका. विशेषतः भांडण पूर्ण येऊ द्या. चाल बहुतेक त्यातच सापडेल.

पुढच्या गुरुवारी वीज जाणार असल्याचा मेसेज आला आहे. कधी नव्हे ते बरं वाटलं.